पनवेलला गेलेली माणसं

१४ जून

आजपासून डायरी लिहायची. आज थळच्या वाचनालयात क्रांती झाली आहे आणि ती माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलेली नाही, तेव्हा कुठेतरी नोंद हवीच.

अलिबागला ग्रंथपालांचं शिबिर होतं. तिथे एका बाईंनी सांगितलं की वाचनालयात काम करणाऱ्यांनी आपल्या आवडीची पुस्तकं आणि सिनेमे वाचकांना सुचवावेत. त्यासाठी एक वेगळं कपाट ठेवावं आणि प्रत्येक पुस्तकाला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावावी. माझ्या अंगावर काटाच आला. इतक्या वर्षांत माझी आवड कोणी विचारली नव्हती. घरी तर नाहीच. पूर्वी आमची मिठागरं होती, आता दोघा भावांचे ट्रक उरणला फिरतात. मराठीत एम.ए. करून पुस्तकांवर नंबर टाकत बसलेला, वयाची चाळिशी गाठूनही लग्न न झालेला धाकटा प्रज्योत हा घरातला जेवतानाचा विनोद आहे.

आमचे अध्यक्ष रावजी तांडेल यांनी परवानगी दिली. फक्त नवीन कपाट मागू नका म्हणाले. दारामागचं जुनं पुसून घेतलं आणि वर पाटी लावली, 'आमची शिफारस'. आमची म्हणजे माझी. पण गोदूबायने विचारलं, मी पन लिवू का? गोदूबाय आमची मदतनीस. झाडण्यापासून फाटकी पुस्तकं शिवण्यापर्यंत सगळं तीच करते. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या लिहीत होतो. माझ्या सर्वांत लाडक्या कादंबरीला लिहिलं, 'मानवी एकटेपणाच्या तळाशी नेणारा अटळ प्रवास.' गोदूबायने तिच्या पुस्तकाला लिहिलं, 'चांगलं हाय. नवरा सुधारतो.'

२१ जून

गोदूबायची सगळी पुस्तकं गेली. माझं एक गेलं, तेसुद्धा नेणाऱ्या गृहस्थांना गोदूबायचं मिळालं नाही म्हणून. दोन दिवसांत ते परत आले. कसं वाटलं, असं मी उत्सुकतेने विचारलं, तर म्हणाले तळ काही लागला नाही.

सिनेमांचं तेच. एक म्हातारा आपला बंद पडलेला रेडिओ दुरुस्त करायला निघतो आणि अर्धा सिनेमा नुसता चालतो, असा एक अप्रतिम सिनेमा मी सुचवला होता. लोकांनी फोनमध्ये नाव टिपून घेतलं ते गोदूबायच्या सिनेमाचं. तिची चिठ्ठी, 'शेवटाला व्हिलनला लय मार.'

२६ जून

आज एक विचित्र मागणी आली. कल्पिता आली होती. हिचा नवरा विनेश मांडव्याला रो-रो बोटीवर कामाला आहे. ती स्वतः अलिबागला औषधांच्या दुकानात होती, हल्ली ते सोडलंय. आमचं वाचनालय वरच्या मजल्यावर आहे, पण जिना काही गडाचा नव्हे. ही मध्येच पायरीवर बसली, कठडा धरून थांबली, मग वर आली. आजच्या पिढीत दम म्हणून नाही. वर येऊन पदराच्या गाठीतून मिठातली कैरीची फोड काढली आणि तोंडात टाकली. वाचनालयात खाऊ नये अशी पाटी तिच्या डोक्यावरच होती.

मग हळूच म्हणाली, "सर, कोणी मरत नाही असं पुस्तक आहे?"

मी हसलो. ती हसली नाही. मी तिला माझ्या कपाटापाशी नेलं. पहिल्या पुस्तकात नायक बुडतो. दुसऱ्यात आई जाते. तिसऱ्यात सगळेच जातात, आणि तेच त्याचं मोठेपण आहे. चौथ्यात फक्त बैल मरतो, म्हणून ते जरा आशेने पुढे केलं. ती म्हणाली, बैलही नको.

ही बाई तशी धरसोड वाचकच आहे. दोन वर्षांपूर्वी हिने बाळांच्या नावांचं पुस्तक नेलं आणि मुदतीच्या कितीतरी आधी परत आणलं. गेल्या वर्षी पुन्हा तेच नेलं. तेव्हा विनेश ते परत द्यायला आला, तेही असंच लवकर. दोन्ही वेळा मी गमतीने म्हटलं, वाचून झालं एवढ्यात? दोघंही काही बोलली नाहीत. विनोद सगळ्यांना कळतोच असं नाही.

४ जुलै

मराठी पुस्तकांत फार माणसं मरतात. हे आजवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण मला ती मेलेलीच आवडतात.

आठवडाभर शोधतोय. एक प्रवासवर्णन हाताशी आलं होतं, त्यात वाटाड्या दरीत पडला. बागकामाच्या पुस्तकात उंदरांचं एक अख्खं प्रकरण आहे. पाककृतींचं पुस्तक काढलं, तर पहिल्याच पानावर कोंबडी. शेवटी विदर्भातल्या एका मोठ्या कुटुंबाची विनोदी गोष्ट दिली. त्यात आजोबा जातात, पण ते मध्यावर जातात आणि त्यांचं वय इतकं झालेलं असतं की त्याला कोणी मरण म्हणणार नाही.

पुस्तक विनेशच घेऊन गेला. म्हणाला, "आई वाचून दाखवते तिला. ती पडूनच असते."

सासू वाचते आणि सून खाटेवर पडून ऐकते. माझ्या आईला हे कळलं तर ती माझ्या लग्नाचा विषय कायमचा सोडून देईल.

१२ जुलै

विनेशने पुस्तक परत आणलं आणि कल्पिताचा प्रश्नही आणला. आजोबा पनवेलला बहिणीकडे गेले, ते पुढच्या भागात परत येतात का?

मी पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात पनवेल नाही. आजोबांना बहीणही नाही.

२२ जुलै

आता प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. दीपगृहावरच्या रखवालदाराची गोष्ट दिली होती, मरण एकच आणि तेही ओझरतं. त्याची बायको पनवेलला गेली म्हणे. त्यानंतर एक ऐतिहासिक कादंबरी दिली. तिच्यातला सरदार भर लढाईतून पनवेलला निघून गेला. विनेश मान खाली घालून हे सांगत होता आणि गोदूबाय पदर तोंडात कोंबून शिवणाच्या टेबलामागे खाली बसली. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली. पुन्हा पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "सर, तुम्ही लगीन केलं असतंत ना, तर कललं असतं."

लग्नाचा आणि पनवेलचा संबंध मला लागला नाही. वाचकांसाठी 'वाचन ही एक काटेकोर कला' या विषयावर एक व्याख्यान ठेवावं असं मनात आहे.

१ ऑगस्ट

काल माझी जी फजिती झाली ती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मला स्वतःच्या रसिकतेचा गर्व झाला तर हे पान काढून वाचता येईल.

वाचनालयाच्या हॉलमध्ये भिंतीवर सिनेमा दाखवायचं ठरलं होतं. निवड माझी. वादळात सापडलेली मच्छीमारांची बोट, किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या बायका, आणि बोट येत नाही. कोळीवाड्यातल्या लोकांना आपलं आयुष्य पडद्यावर दिसेल असा माझा विचार. मासेमारीची बंदी काल संपत होती आणि आज पहाटे बोटी निघायच्या होत्या, म्हणजे काल सगळे गावातच असणार हा माझा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. हॉल भरला. कुंकू लावलेल्या, बोटींची पूजा करून आलेल्या बायका पोराबाळांसह पुढे बसल्या.

वादळ सुरू झालं तसा हॉल चिडीचूप झाला. मला वाटलं, ही कलेची ताकद. तेवढ्यात पहिल्या रांगेतून विनेशची आई सोनाबाई उठली. तिची सावली भिंतीवर पडली आणि बोट तिच्या सावलीत गेली. ती लोकांकडे वळून म्हणाली, "लागली बोट बंदराला. सगली सुखरूप हायत. चला आता घरी."

सगळे उठले. गोदूबायने वायरच काढली.

नंतर रावजींनी मला बाजूला घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की उद्या ज्यांची माणसं दर्यात जायची त्यांना आज बुडती बोट दाखवणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मिठागरवाल्यांच्या घरात जन्मलेल्याला हे कळणं कठीणच. शिफारशीच्या कपाटाचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत ठरेल.

एक गोष्ट मात्र आज सकाळी दात घासताना लख्ख कळली. बुडती बोट जी किनाऱ्याला लावते, माणसांना पनवेलला पाठवणारीही तीच.

५ ऑगस्ट

सोनाबाईच्या घरी गेलो. बरोबर व्याख्यान घेऊनच गेलो होतो.

कल्पिता खाटेवर पडली होती. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावून ती बाजू उंच केली होती. मी विचारलं, पाठीचा त्रास का? ती हो म्हणाली आणि भिंतीकडे वळली. सोनाबाई खाली बसून तांदूळ निवडत होती. मी तिला समजावलं की लेखकाने पुष्कळ विचार करून ज्या माणसाला मारलेलं असतं त्याला जिवंत ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पाठाची शुद्धता हा शब्दही वापरला. तिने सगळं ऐकून घेतलं. खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मास्तर, लेखकाचं त्याच्या घरी. ह्या घरात कोनी मरनार न्हाय."

मग चहा दिला आणि निघताना सुक्या बोंबलांची पुडी हातात ठेवली. मी वाचनालयात आलो आणि गोदूबायला सगळं सांगितलं. खाटेच्या विटांपर्यंत पोचलो तशी तिने सुई खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर आज हसू नव्हतं.

तिने सांगितलं, कल्पिताला पाचवा महिना लागलाय. याआधी दोनदा गेलं. एक अगदी सुरुवातीला, दुसरं गेल्या वर्षी सातव्यात. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलंय. सातवा लागेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही, बाहेर तर मुळीच नाही, म्हणून मला कोणी सांगितलं नाही. सगळ्या गावाला न सांगता कळलं होतं. गेल्या वर्षी ती सातव्यात असताना माझ्या टेबलासमोर उभी राहून पुस्तक घेऊन गेली. मी पुस्तक पाहिलं, त्याचा नंबर पाहिला, तिला पाहिलंच नाही.

आणि परत आणल्यावर म्हटलं, वाचून झालं एवढ्यात? दोन्ही वेळा म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोंबील तसेच टेबलावर राहिले.

२ सप्टेंबर

कपाट वाचलं. बैठकीत गोदूबायच्या चिठ्ठ्यांची सगळ्यांनी तारीफ केली. मला दोन अटी घातल्या, चिठ्ठी एका ओळीची आणि समुद्र नको.

मी आता प्रत्येक पुस्तक शेवटाकडून वाचतो. एम.ए.ला असताना असं करणाऱ्यांना मी हसायचो. कपाटाच्या मधल्या खणाला 'इथे कोणी मरत नाही' अशी पट्टी लावली आहे. माझी परवाची चिठ्ठी, 'कुत्रा हरवतो. सापडतो.' ते पुस्तक तासाभरात गेलं. माझ्या शिफारशीवरून गेलेलं हे पहिलंच पुस्तक. मी इतका खूश झालो की गोदूबायला वडापाव खिलवला. त्या खणासाठी आता इतर लोकही येतात. ते काय कारणाने येतात ते मी विचारत नाही. तेवढं शिकलो.

सोनाबाई आता पुस्तक घ्यायला स्वतः येते. खालूनच हाक मारते, "मास्तर, बघलास ना नीट?" आणि मी जिन्यातून खाली जाऊन, बघितलं मावशी, असं छातीठोकपणे सांगतो.

२४ सप्टेंबर

आज माझं ठेवणीतलं दिलं. खेड्यातले एक मास्तर आणि त्यांची बायको यांचा संसार. इतकं आनंदी पुस्तक दुसरं नाही. कॉलेजात असताना वाचलं होतं, वाक्यं पाठ आहेत, तेव्हा पुन्हा तपासायची गरज नव्हती. त्याचा शेवट तर काय सांगावा. मास्तर भिजत घराकडे निघतात, लांबून दारात दिवा दिसतो, आणि वाक्य अर्ध्यावरच तुटतं. शेवट असा मोकळा सोडायचं धैर्य फार थोड्या लेखकांत असतं, असं मी आजवर शंभर लोकांना ऐकवलं असेल. शिबिरातही उठून बोललो होतो.

चिठ्ठीवर लिहिलं, 'डोळे मिटून वाचा.' गोदूबाय म्हणाली, मग वाचनार कसं? मी तिला अलंकार समजावून सांगितला.

२७ सप्टेंबर

कल्पिताला काल संध्याकाळी अलिबागला दवाखान्यात नेलं. कळा सुरू झाल्या. सहावा संपत आलाय नुसता.

सोनाबाई दोन दिवस आगरदांड्याला बहिणीकडे गेली होती. कल्पिताने पुस्तक एकटीनेच वाचलं. गोदूबाय तिच्या घरी जाऊन आली आणि ते पुस्तक घेऊन आली. माझ्यासमोर ठेवून तिने विचारलं, "सर, शेवट वाचलाव होता काय तुम्ही?"

मी उघडलं. मास्तर भिजत घराकडे निघतात, लांबून दारात दिवा दिसतो, वाक्य तुटत नाही. पुढे पानं आहेत. सबंध एक फर्मा आहे, एकत्र शिवलेल्या सोळा पानांचा. कॉलेजच्या प्रतीतून तो सुटलेला असणार, शिवण उसवली असणार. दिवा दारात का ठेवलाय ते पुढच्या पानावर लिहिलंय. मास्तरीणबाई बाळंतपणात गेल्या आहेत आणि मूलही.

ज्या शेवटाचं मी वीस वर्षं कौतुक केलं तो शेवटच नव्हता. आणि पुस्तकं शिवणाऱ्या बाईशेजारी मी रोज बसतो.

२८ सप्टेंबर

काही कळलं नाही. विनेशला फोन लावायची हिंमत होत नाही. शिकलेला माणूस आहे, पुस्तकाने कळा येत नाहीत हे मला माहीत आहे. तरी आज सकाळी मधल्या खणातलं एकेक पुस्तक काढून पानं मोजत बसलो. देवाधर्माचं मला काही येत नाही, मग हेच केलं.

३० सप्टेंबर

गेलो शेवटी. कळा थांबल्या आहेत. बाळ ठीक आहे, पण आता बाळंतपण होईपर्यंत तिला तिथेच ठेवणार आहेत.

मी दाराशी उभा राहून काय बोलायचं ते जुळवत होतो. कल्पितानेच बोलावलं. मी म्हटलं, माझी चूक झाली, मी तो शेवट कधी वाचलाच नव्हता. ती म्हणाली कळा सकाळपासूनच येत होत्या, पुस्तक दुपारी हातात घेतलं, कळांकडे लक्ष जाऊ नये म्हणून. मग आजूबाजूला बघून हळू आवाजात सांगितलं.

"सर, मला पनवेलचं पहिल्यापासून माहीत आहे. आई दुपारी झोपल्या की मी तीच पानं परत वाचायचे. खरं काय झालं ते बघायचे. आजोबा परत येतात का हे विचारलं, तेही आईंना संशय येऊ नये म्हणून."

मी विचारलं, मग कोणी मरत नाही असं पुस्तक कशाला मागितलंस?

"आईंसाठी. त्या मला धीर द्यायला वाचायला बसतात आणि कोणी गेलं की त्यांचा आवाज बंद पडतो. गेल्या वर्षीचं बाळ नर्सने त्यांच्या हातात दिलं होतं, सर. मी शुद्धीवर नव्हते. त्या अजून एकदासुद्धा रडल्या नाहीत. माझ्यासमोर रडायचं नाही, अपशकुन होईल म्हणून."

ती पुढे म्हणाली की ऐकताना मात्र ती आईंचंच खरं धरते. मी मान डोलावली. एवढा वेळ मी ज्या वाचकासाठी पुस्तकं शोधत होतो तो वाचक खाटेवर नव्हताच. येताना बसमध्ये मला थांब्यावर उतरायची शुद्ध राहिली नाही.

१९ ऑक्टोबर

सातवा मध्यावर आला आहे. आता बोलायला हरकत नाही असं गोदूबायने जाहीर केलं. मला मात्र बोलवत नाही.

दर आठवड्याला पुस्तक पोचवतो. सोनाबाई वॉर्डात वाचते आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकाही ऐकतात. एका बाईने मला थांबवून विचारलं की पनवेलला एवढं काय आहे. मी म्हटलं, हवा चांगली आहे.

१४ नोव्हेंबर

मुलगी झाली. फार लवकर झाली. काचेच्या पेटीत ठेवली आहे. डॉक्टर म्हणतात, काही दिवस बघावं लागेल. कल्पिता बरी आहे. विनेशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू आला नाही.

१७ नोव्हेंबर

सोनाबाई दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून असते. पेटीच्या खोलीत सोडत नाहीत. घरी जात नाही. मी आणि गोदूबाय डबा घेऊन गेलो होतो. गोदूबाय कल्पिताकडे वॉर्डात गेली आणि मी बाकावर बसलो. सोनाबाईने माझ्या पिशवीत पुस्तक बघितलं आणि म्हणाली, "वाच. मना दिसत न्हाय आज."

ते तिच्यासाठी आणलेलं नव्हतं, माझं मी वाचत होतो. त्यात एक म्हातारा नावाडी आहे. मी वाचत गेलो आणि तो खाटेला खिळला तेव्हा लक्षात आलं की पान उलटलं की हा जाणार. थांबलो. सोनाबाई समोरच्या दाराकडे बघत होती. मी पान उलटलं आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा छापलेलं नाही ते वाचलं. म्हणालो, म्हातारा सकाळी उठला, त्याला बरं वाटत होतं, त्याने कपडे घातले आणि तो पनवेलला गेला.

सोनाबाईने दाराकडची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पनवेलला नको. तिकडं लई गर्दी झाली. ह्याला पेनला धाड."

मी त्याला पेणला धाडलं. माझ्या मावशीकडे उतरवला. तिथे तो सकाळी पोहे खातो, दुपारी पापड राखतो, असं पुढे बरंच वाचलं. दार उघडून नर्स बाहेर येईपर्यंत वाचत होतो. तिने सांगितलं, आज दूध पचलं.

३ डिसेंबर

पोरगी पेटीतून बाहेर. वजन वाढतंय. गोदूबायने वाचनालयात सगळ्यांना पेढे दिले आणि रावजींनी 'खाऊ नये' ही पाटी तेवढ्यापुरती उलटी करून ठेवली.

९ जानेवारी

काल बारसं झालं. कल्पिताने उठून सगळ्यांना नमस्कार केला. मी पाळण्यापाशी गेलो तर गोदूबायने मला बाजूला घेऊन, मुलीला शिफारस करू नका एवढ्यात, असं बजावलं.

आज सकाळी जिन्यात पावलं वाजली. हाक न मारता सोनाबाई पहिल्यांदाच वर आली. कपाट बघितलं, मधल्या खणावरची पट्टी वाचली. मी लगबगीने त्यातली नवीन पुस्तकं पुढे केली. तिने ती परत ठेवली.

"ह्यातलं नको. मना रडवनारं दे."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. ती म्हणाली, "कोनी जाऊ दे त्यात. लहान जीव गेला तरी चालंल. मना त्या गेलेल्या पोराचं रडायचं हाय, मास्तर. अजून रडलू न्हाय मी."

माझ्या कपाटात अशा पुस्तकांना तोटा नाही. पण हात पुढे होईना. चिठ्ठ्या बघितल्या, सगळ्या निकामी होत्या. शेवटी एक साधं, छोटं पुस्तक काढलं, ज्यावर मी कधी काही लिहिलं नव्हतं. तिला म्हटलं, मावशी, यात आई मागे राहते. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.

घरी न्यायला नोंद करू लागलो तर तिने थांबवलं. "घरी नको. घरी पोर हाय. मी इथंच येऊन वाचीन रोज."

खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून तिने वाचायला घेतलं, नेहमीच्या सवयीने मोठ्याने. पेपर वाचणारी माणसं ऐकत राहिली. आवाज एका ठिकाणी बंद पडला. ती तिथेच थांबली, पुढे काही जोडलं नाही, कोणाला कुठे पाठवलं नाही. मग ती रडली. गोदूबाय जाऊन तिच्याजवळ खाली बसली आणि तिच्या पायावर हात ठेवून राहिली. मलाही आवरलं नाही. मी टेबलामागे तोंड घालून नंबर टाकत असल्यासारखं केलं, पण सगळ्यांनी पाहिलं.

दुपारी जाताना तिने पान दुमडून पुस्तक माझ्याकडे दिलं. पानं दुमडायला वाचनालयात बंदी आहे. ते तसंच माझ्या खणात ठेवलंय, उद्या तिला तिथूनच सुरू करायचंय.